लैंगिक संप्रेरके आणि श्वसनमार्गाचे विषाणुसंसर्ग : प्रतिकारयंत्रणेतील स्त्री-पुरुष भेदाचा विचार

प्रस्तावना

२००३ मध्ये हाँगकाँग येथे सार्स या आजाराची साथ आली. साथ ओसरल्यानंतर तेथील रुग्णनोंदींचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा बाधित पुरुषांपैकी २१.९ टक्के, तर बाधित स्त्रियांपैकी १३.२ टक्के रुग्ण दगावल्याचे आढळून आले. वयातील फरकाचा परिणाम वजा केल्यानंतरही ही तफावत नाहीशी झाली नाही. पुढे २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जगभरातील ३१ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संसर्ग होण्याचे प्रमाण स्त्री-पुरुषांत जवळजवळ समान होते. मात्र अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागण्याची संभाव्यता पुरुषांत सुमारे २.८ पट आणि मृत्यूची संभाव्यता सुमारे १.४ पट अधिक होती. याचा अर्थ असा की, विषाणू दोघांनाही सारखाच गाठतो. भेद पडतो तो त्यानंतर.

या भेदाची सामाजिक स्पष्टीकरणे अनेक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. धूम्रपान, धुळीचे व धुराचे व्यवसाय, वैद्यकीय मदत घेण्यास होणारा विलंब, हृदयविकार व मधुमेहासारखे आधीचे आजार यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे नसते. परंतु प्रयोगशाळेतील उंदीर धूम्रपान करीत नाही आणि दवाखान्यात जाण्याची टाळाटाळही करीत नाही. तरीही सार्सच्या विषाणूने बाधित झालेले नर माद्यांपेक्षा अधिक प्रमाणात मरतात. त्यामुळे शरीरांतर्गत कारणांकडे, विशेषतः लैंगिक संप्रेरकांकडे, लक्ष वळणे स्वाभाविक होते.

कोविडच्या काळात 'इस्ट्रोजेन तारक, टेस्टोस्टेरॉन मारक' असे एक सुटसुटीत समीकरण वृत्तपत्रांतून आणि काही प्रमाणात वैद्यकीय लेखनातूनही रूढ झाले. प्रस्तुत लेखात या समीकरणाची तपासणी केली आहे. श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गात शरीरापुढे दोन कामे असतात. पहिले, विषाणूचा नायनाट करणे. दुसरे, तो करीत असताना स्वतःच्याच फुफ्फुसांची होणारी हानी मर्यादित ठेवणे. संप्रेरके या दोन्ही कामांवर प्रभाव टाकतात, परंतु एकाच दिशेने नाही.

संप्रेरके आणि प्रतिकारपेशी

लैंगिक संप्रेरकांचा प्रतिकारयंत्रणेशी संबंध असल्याची जाणीव नवी नाही. काल्झोलारी या इटालियन संशोधकाने १८९८ मध्ये असे दाखविले होते की, वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या सशांमध्ये थायमस ही छातीतील ग्रंथी नेहमीपेक्षा मोठी राहते. या ग्रंथीचे कार्य त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. येथेच टी-पेशी परिपक्व होतात हे समजण्यास आणखी सहा दशके जावी लागली. मराठी परिभाषेत या ग्रंथीला 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव आहे. परिभाषेचे शब्द बोजड असतात अशी तक्रार नेहमी केली जाते, पण या एका शब्दात प्रस्तुत विषयाचे निम्मे सार आले आहे : यौवन येते, लैंगिक संप्रेरकांची पातळी वाढते आणि प्रतिकारपेशी घडविणारी ग्रंथी आकसू लागते.

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन ही स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके आहेत. ती स्निग्धविद्राव्य असल्याने पेशीपटलातून सहज आत शिरतात, आतील विशिष्ट ग्राही प्रथिनांशी जोडली जातात आणि ही जोडी केंद्रकातील जनुकांचे कार्य वाढविते किंवा दाबते. हे ग्राही केवळ प्रजननसंस्थेच्या अवयवांत असतात असा समज चुकीचा आहे. भक्षक पेशी, टी-पेशी, बी-पेशी यांसारख्या प्रतिकारपेशींत, तसेच फुफ्फुसांच्या अस्तरपेशींतही ते आढळतात.

टेस्टोस्टेरॉनचा एकंदर कल प्रतिकारप्रतिसाद मंदावण्याकडे आहे असे सामान्यपणे मानले जाते. प्रोजेस्टेरॉन बहुतांशी दाहशामक आहे. इस्ट्रोजेनचे वर्तन मात्र मात्रेनुसार बदलते. मासिक पाळीच्या चक्रातील कमी पातळीवर ते दाहजनक प्रतिसादास पोषक ठरू शकते, तर गर्भावस्थेतील अतिउच्च पातळीवर तेच दाह रोखते. बी-पेशींकडून होणारी प्रतिपिंडांची निर्मिती इस्ट्रोजेनमुळे वाढते. एकच द्रव्य मात्राभेदाने उलट गुण दाखविते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरील बरेच लेखन परस्परविरोधी वाटते.

विषाणूविरुद्धच्या पहिल्या तासांतील घडामोडी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. विषाणू शिरल्याची पहिली धोक्याची घंटा म्हणजे इंटरफेरॉन हे प्रथिन. रक्तातील प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी ते मोठ्या प्रमाणावर तयार करतात. या पेशींतील टीएलआर-७ नावाचा ग्राही एकपदरी आरएनए ओळखतो, आणि इन्फ्लुएंझा व कोरोना या दोन्ही विषाणूंची जनुकीय सामग्री एकपदरी आरएनएचीच असते. स्त्रियांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या या पेशी टीएलआर-७ उत्तेजित केल्यावर पुरुषांच्या पेशींपेक्षा अधिक इंटरफेरॉन देतात. रजोनिवृत्त स्त्रियांना इस्ट्रोजेन दिल्यावर त्यांच्या पेशींचा हा प्रतिसाद वाढतो, हेही दाखविले गेले आहे.

मात्र एक अडचण आहे. टीएलआर-७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय होते. परंतु हे जनुक काही पेशींत त्या निष्क्रियतेतून निसटते आणि त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. म्हणजे अधिक इंटरफेरॉनचे श्रेय संप्रेरकाला द्यावे की गुणसूत्राला, हे स्त्री व पुरुष यांची केवळ तुलना करून ठरविता येत नाही. नेदरलँड्समधील दोन कुटुंबांतील चार तरुण पुरुषांना २०२० मध्ये कोविडचा अतिगंभीर आजार झाला आणि त्यांच्यात टीएलआर-७ चे कार्य बिघडविणारे जनुकीय दोष सापडले. पुरुषाजवळ या जनुकाची एकच प्रत असते. ती बिघडली तर दुसरी उरत नाही. येथे संप्रेरकाचा संबंध नाही.

उंदरांवरील प्रयोग : दोन विषाणू, दोन कथा

संप्रेरकांचा परिणाम गुणसूत्रांपासून वेगळा करण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्राण्यांची अंडाशये अथवा वृषणे काढणे आणि नंतर संप्रेरक बाहेरून देऊन पाहणे. आयोवा विद्यापीठातील स्टॅन्ले पर्लमन यांच्या गटाने २०१७ मध्ये, म्हणजे कोविडपूर्वीच, सार्सच्या विषाणूबाबत असे प्रयोग प्रसिद्ध केले. नर उंदीर माद्यांपेक्षा अधिक मरत होते, आणि वय वाढते तसा हा फरक रुंदावत होता. नरांच्या फुफ्फुसांत दाहजनक मोनोसाइट व भक्षक पेशींची गर्दी अधिक होती. पुरुष संप्रेरक दोषी असल्यास वृषणे काढताच नरांचे रक्षण व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव रोखणाऱ्या औषधानेही फरक पडला नाही. उलट माद्यांची अंडाशये काढताच, किंवा त्यांना इस्ट्रोजेनचा ग्राही रोखणारे औषध देताच, त्यांच्यातील मृत्यू वाढले. निदान या विषाणूबाबत नरांचे टेस्टोस्टेरॉन त्यांना मारत नव्हते. माद्यांचे इस्ट्रोजेन त्यांना वाचवत होते. ही दोन विधाने वरकरणी सारखी वाटली, तरी उपचाराच्या दृष्टीने ती एकमेकांपासून फार दूर आहेत.

इन्फ्लुएंझाकडे वळल्यावर चित्र पालटते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील साब्रा क्लाइन यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इन्फ्लुएंझा-ए विषाणूमुळे माद्याच नरांपेक्षा अधिक आजारी पडल्या व अधिक मेल्या. त्यांच्या फुफ्फुसांत विषाणू अधिक होता म्हणून नव्हे, तर दाह अधिक होता म्हणून. अंडाशये काढलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन उच्च मात्रेत दिल्यावर दाह उतरला आणि जगण्याचे प्रमाण वाढले. या प्रयोगांतील आणखी एक निरीक्षण पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे : संसर्गामुळे खुद्द संप्रेरकांची पातळीच ढासळली. नरांत टेस्टोस्टेरॉन घटले, माद्यांत अंडाशयांचे कार्य विस्कळीत झाले.

याच गटाने २०१६ मध्ये नरांबाबत दाखविलेली गोष्ट रूढ समीकरणाच्या थेट विरोधात जाते. तरुण नरांची वृषणे काढल्यावर इन्फ्लुएंझाचा आजार वाढला आणि टेस्टोस्टेरॉन परत दिल्यावर तो सौम्य झाला. म्हाताऱ्या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असते. त्यांना ते दिल्यावर जगण्याचे प्रमाण सुधारले. विषाणूच्या संख्येवर मात्र या फेरफाराचा परिणाम झाला नाही. येथे 'मारक' टेस्टोस्टेरॉन तारक ठरले, आणि ते बहुधा त्याच्या दाहशामक गुणामुळेच.

प्रोजेस्टेरॉनची कथाही दुहेरी आहे. अंडाशये काढलेल्या माद्यांना प्रोजेस्टेरॉन दिले असता इन्फ्लुएंझापासून संरक्षण मिळाले आणि अँफिरेग्युलिन या प्रथिनाद्वारे फुफ्फुसांच्या अस्तराची दुरुस्ती जलद झाली. पण पुढील अभ्यासात असे दिसले की, प्रोजेस्टेरॉनयुक्त गर्भनिरोधके दिलेल्या माद्यांचा अर्जित प्रतिकार दुबळा होता आणि दुसऱ्या, वेगळ्या इन्फ्लुएंझा विषाणूशी गाठ पडल्यावर त्यांचे संरक्षण कमी पडले. आजचा दाह शमविण्याची किंमत उद्याच्या स्मृतीत मोजावी लागली. गर्भनिरोधके वापरणाऱ्या स्त्रियांची जगभरातील संख्या पाहता या प्रश्नाचा माणसांतील अभ्यास अधिक व्हावयास हवा होता.

मानवी पुरावा

येल विद्यापीठातील अकिको इवासाकी यांच्या गटाने २०२० मध्ये कोविड रुग्णांच्या प्रतिकारप्रतिसादाची तुलना प्रसिद्ध केली. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात पुरुषांच्या रक्तात आयएल-८ व आयएल-१८ ही दाहजनक द्रव्ये अधिक होती. स्त्रियांत टी-पेशींचे उद्दीपन अधिक जोमदार होते. ज्या पुरुषांत टी-पेशींचा प्रतिसाद दुबळा होता त्यांचा आजार बळावला. स्त्रियांत मात्र दाहजनक द्रव्यांची पातळी चढल्यावर आजार बळावला. एकाच आजाराची अधोगती दोन्ही लिंगांत वेगळ्या वाटेने होते, असा याचा अर्थ निघतो.

त्याच वर्षी जाँ-लोरां कॅसानोव्हा यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने अतिगंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे शोधून काढली. या १०१ पैकी ९५ पुरुष होते. स्वयंप्रतिकार विकार बहुतांशी स्त्रियांत आढळतात हा वैद्यकातील सर्वमान्य अनुभव येथे पूर्णपणे उलटा झाला. संप्रेरकांच्या साहाय्याने याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही.

वयाचा मुद्दाही असाच अडवणारा आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे इस्ट्रोजेन फार खालावते. केवळ इस्ट्रोजेनच तारक असते, तर साठीनंतर स्त्री-पुरुष भेद मिटावयास हवा होता. कोविडमध्ये तो मिटला नाही. दुसऱ्या टोकाला, तान्ह्या मुलग्यांना आरएसव्ही या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण मुलींपेक्षा अधिक असते. त्यामागे मुलग्यांच्या श्वासनलिका तुलनेने अरुंद असणे हे एक कारण सांगितले जाते. लैंगिक संप्रेरके ही या भेदाची अनेक कारणांपैकी एक आहेत, एकमेव नव्हेत.

तरीही त्यांचा स्वतंत्र परिणाम माणसांत दाखविता येतो. पेटर ब्रोडिन यांच्या गटाने २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या आणि लिंगभावाशी सुसंगत उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू केलेल्या २३ पारलिंगी पुरुषांच्या रक्ताची तपासणी उपचारापूर्वी, तीन महिन्यांनी व एक वर्षाने करण्यात आली. गुणसूत्रे तीच, व्यक्ती तीच. बदलले ते फक्त संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनमुळे प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींचा इंटरफेरॉन-प्रतिसाद मंदावला आणि त्याच वेळी मोनोसाइट पेशींचा टीएनएफ या दाहजनक द्रव्याशी निगडित प्रतिसाद वाढला. विषाणूविरुद्धची पहिली घंटा क्षीण आणि नंतरचा दाह तीव्र, ही जोडी गंभीर कोविडच्या पुरुष रुग्णांतील चित्राशी जुळणारी आहे. पण टेस्टोस्टेरॉन केवळ 'प्रतिकारशक्ती दाबते' हे विधान यापुढे तसेच्या तसे करता येणार नाही. ते एक वाट दाबते व दुसरी मोकळी करते.

गर्भावस्था

लैंगिक संप्रेरकांची पातळी सर्वाधिक असते ती गर्भावस्थेत. उच्च इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन उंदरांत दाह शमवितात, म्हणून गर्भवती स्त्रिया इन्फ्लुएंझापासून सुरक्षित असाव्यात असा तर्क कोणी केल्यास इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १९१८ च्या साथीत अमेरिकेतील १३५० गर्भवती रुग्णांच्या पाहणीत सुमारे २७ टक्के स्त्रिया दगावल्या होत्या. २००९ च्या एच१एन१ साथीत तेथील लोकसंख्येत गर्भवती स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक टक्का असताना एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा पाच टक्के होता. वाढलेल्या गर्भाशयामुळे फुफ्फुसांना प्रसरणास मिळणारी अपुरी जागा, हृदयावरील वाढीव भार आणि गर्भाला परके न मानण्यासाठी प्रतिकारयंत्रणेत झालेले फेरबदल यांचा तो एकत्रित परिणाम आहे. पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. भारतातील या साथीचा पहिला मृत्यू त्याच शहरात नोंदवला गेला होता. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गर्भवती स्त्रियांना इन्फ्लुएंझाची लस विनामूल्य देण्याची मोहीम हाती घेतली, ती याच धोक्याची दखल घेऊन.

उपचारांतील धडा

सुटसुटीत समीकरणाचे परिणाम केवळ शाब्दिक नसतात. कोविडचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या ग्राहीबरोबरच टीएमपीआरएसएस-२ या विकराचा उपयोग करतो, आणि प्रोस्टेट ग्रंथीत या विकराची निर्मिती टेस्टोस्टेरॉनच्या हुकमाने होते. इटलीतील व्हेनेतो प्रांताच्या २०२० मधील नोंदींत, प्रोस्टेट कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन रोखणारे उपचार चालू असलेल्या ५२७३ पुरुषांपैकी केवळ चौघांना कोविड झाला होता. असे उपचार नसलेल्या सुमारे ३७ हजार प्रोस्टेट कर्करोग रुग्णांपैकी ११४ जणांना झाला होता. तर्क आकर्षक होता आणि आकडे त्याला दुजोरा देत होते. मात्र कर्करोगाचे रुग्ण साथीच्या काळात घराबाहेर किती पडत होते, हे या आकड्यांतून कळत नव्हते.

त्यानंतर यादृच्छिक चाचण्या झाल्या. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ९६ पुरुष रुग्णांवर डेगारेलिक्स या टेस्टोस्टेरॉन झपाट्याने घटविणाऱ्या औषधाची चाचणी घेण्यात आली; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणारे व न घेणारे यांत फरक आढळला नाही. स्वीडनमध्ये एन्झाल्युटामाइड या औषधाची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांचा रुग्णालयातील मुक्काम उलट लांबला. उंदरांच्या फुफ्फुसांतील टीएमपीआरएसएस-२ या औषधाने कमी होत नाही, हेही एव्हाना स्पष्ट झाले होते. प्रोस्टेटमधील नियम फुफ्फुसालाही लागू असेल, हे गृहीतकच चुकीचे होते. दरम्यान सेंट लुइस येथील एका अभ्यासाने गंभीर कोविड झालेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन अधिक नव्हे, तर कमी असल्याचे २०२१ मध्ये दाखविले. हे कमी टेस्टोस्टेरॉन आजाराचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. संसर्गामुळे नर उंदरांचे टेस्टोस्टेरॉन ढासळते हे निरीक्षण येथे आठवावे.

लॉस एंजेलिस येथे ४० पुरुष रुग्णांवर घेतलेल्या एका छोट्या चाचणीत पाच दिवस प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शने दिल्यावर प्रकृतीत काहीशी अधिक सुधारणा दिसली. रुग्णसंख्या पाहता त्यावरून उपचारपद्धती ठरविणे योग्य नाही. परंतु दाह शमविण्याची दिशा विषाणूचा प्रवेश रोखण्याच्या दिशेपेक्षा अधिक फलदायी असावी, असे त्यावरून वाटते.

लस आणि नोंदी

इन्फ्लुएंझाच्या लसीची निम्मी मात्रा दिलेल्या स्त्रियांतील प्रतिपिंडे पूर्ण मात्रा दिलेल्या पुरुषांतील प्रतिपिंडांच्या तोडीची असल्याचे अमेरिकेत २००८ मध्ये दिसून आले. स्टॅनफर्ड येथे २०१४ मध्ये ५३ स्त्रिया व ३४ पुरुष यांच्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन अधिक असलेल्या पुरुषांचा लसीला मिळालेला प्रतिसाद सर्वांत दुबळा होता. लसीनंतर ताप, अंगदुखी यांच्या तक्रारी स्त्रिया अधिक करतात, त्यामागे हा जोमदार प्रतिसाद असण्याची शक्यता आहे. 'बायकांची कुरकुर' म्हणून त्या बाजूला सारणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरते. असे असूनही दोघांना मात्रा मात्र एकच दिली जाते. लसीच्या तुटवड्याच्या काळात ही गोष्ट केवळ सैद्धांतिक राहत नाही.

भारतातील आकडे वाचताना विशेष काळजी आवश्यक आहे. २० मे २०२० पर्यंतच्या उपलब्ध नोंदींवर आधारित एका विश्लेषणात बाधितांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते. परंतु बाधितांतील मृत्यूचे प्रमाण पुरुषांत २.९ टक्के, तर स्त्रियांत ३.३ टक्के होते. जगातील बहुतेक देशांच्या उलट असलेले हे प्रमाण पाहून भारतीय स्त्रियांचे इस्ट्रोजेन निष्प्रभ आहे असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. चाचणीपर्यंत कोण पोहोचते, यावर बाधितांची संख्या ठरते. सौम्य आजारात घरीच राहिलेली स्त्री या गणतीत येत नाही. ती येते तेव्हा बरेचदा श्वास लागलेला असतो. छेद लहान झाला की प्रमाण फुगते. संप्रेरकांचा परिणाम मोजावयाचा तर नोंदीत लिंग व वय यांबरोबर रजोनिवृत्ती, गर्भावस्था, गर्भनिरोधकांचा वापर आणि आजाराच्या कोणत्या दिवशी रुग्ण दाखल झाला, या बाबीही लागतील. यांपैकी शेवटची बाब शरीरशास्त्राची नसून घरातील निर्णय कोण घेते याची आहे, आणि प्रयोगशाळेतील कोणतीही चाचणी ती भरून काढू शकत नाही.